पीचच्या कोवळ्या फळातली जनुके: बागेतल्या नमुन्यापासून निष्कर्षापर्यंत

पीचच्या दोन-तीन जातींची कोवळी फळे घ्यायची आणि त्यांत कोणती जनुके केव्हा चालू होतात, केव्हा मंदावतात हे पाहायचे. असा प्रकल्प हाती घेणारा विद्यार्थी बहुधा आधी संगणकाकडे वळतो. कोणती आज्ञावली वापरू, किती कोटी रीड्स (यंत्राने वाचलेले जनुकांचे छोटे तुकडे) लागतील, आलेख कसा काढू, असे त्याचे प्रश्न असतात. हे सगळे नंतर निभावते. या कामाचा निकाल बागेत लागतो, आणि तोही फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. चुकीच्या टप्प्यावर तोडलेले फळ पुढे कितीही महागड्या यंत्रातून नेले तरी उत्तर चुकीचेच मिळते. आकडे नेटके दिसतात, म्हणून ती चूक लवकर लक्षातही येत नाही. त्यामुळे या लेखात बागेचा भाग लांब आहे आणि संगणकाचा आखूड.

आधी फळाची वाढ समजून घ्या

पीचचे फळ सारख्या वेगाने वाढत नाही. दर आठवड्याला व्यास मोजून आलेख काढला तर रेघ आधी चढते, मग जवळजवळ सपाट होते आणि पुन्हा चढते. अभ्यासक या वाढीचे चार टप्पे करतात आणि त्यांना एस-१ ते एस-४ म्हणतात. एस-१ मध्ये पेशी भराभर विभागतात. गराच्या पेशींचे विभाजन मुख्यतः पूर्ण बहरानंतरच्या पहिल्या महिनाभरात उरकते आणि त्यानंतर पेशी फुगू लागतात. एस-२ मध्ये फळ बाहेरून थांबल्यासारखे दिसते, पण आत कोयीचे कवच लाकडासारखे टणक होत असते आणि बियांतला गर्भ वाढत असतो. एस-३ मध्ये पेशी पाणी आणि साखर घेऊन झपाट्याने मोठ्या होतात. एस-४ म्हणजे पिकणे. कोकणातला हापूसवाला वाटाणा, गोटी, मग कोय धरणे अशा टप्प्यांवर फवारणी ठरवतो. इथेही तसेच टप्पे ओळखायला शिकायचे आहे, फक्त जास्त काटेकोरपणे.

सुरुवातीच्या वाढीला इतके महत्त्व का, याचे उत्तर पेशींच्या संख्येत आहे. मोठ्या आणि लहान फळाच्या जातींमध्ये मुख्य फरक पेशी किती झाल्या याचा असतो आणि ती संख्या फार लवकर ठरते. फूल उमलण्याआधीच्या अंडाशयातही हा फरक दिसू शकतो. पीचच्या भाऊबंदांपैकी गोड चेरीतही फळाच्या आकारातला फरक प्रामुख्याने गराच्या पेशींच्या संख्येमुळे पडतो. जूनमधल्या फळाचा आकार समजून घ्यायचा असेल तर मार्चमधल्या जनुकांकडे पाहावे लागते ते यासाठी.

लवकर आणि उशिरा पिकणाऱ्या जातींतला सर्वांत मोठा फरक एस-२ च्या लांबीत असतो. फार लवकरच्या जातींत एस-२ इतका आखूड असतो की एस-१ संपतो न संपतो तोच एस-३ सुरू होतो आणि आलेखातला सपाट भाग डोळ्यांना दिसतही नाही. अशा जातींत फळ पिकते तेव्हा गर्भ अपुरा असतो आणि बी पेरली तर नीट रुजत नाही. म्हणून पैदासकारांना प्रयोगशाळेत गर्भ वाढवून रोपे करावी लागतात. आता कल्पना करा, लवकरच्या आणि उशिराच्या अशा दोन जाती तुम्ही ‘बहरानंतर ४५ दिवस’ म्हणून एकाच दिवशी तोडल्या. एकीत कोय कठीण होते आहे, दुसरीत गर फुगतो आहे. हजारो जनुकांत फरक सापडेल, पण तो जातींमधला नसून टप्प्यांमधला असेल. या विषयावरच्या कामात हा दोष वारंवार आढळतो.

पायरी १: प्रश्न लहान करा, मग जाती निवडा

‘दोन जातींत कोणती जनुके वेगळी चालतात’ हा प्रश्न इतका मोकळा आहे की कशालाही उत्तर म्हणता येते. त्याऐवजी एखादा ठोस फरक पकडा: फळाचा आकार, चपटेपणा, सालीवरची लव किंवा कोय कठीण होण्याची वेळ. मग त्या एका गुणात वेगळ्या आणि बाकी शक्य तितक्या सारख्या अशा जाती शोधा. लव असलेल्या पीचच्या झाडावर कधीकधी एखाद्या फांदीला अचानक नेक्टरीन म्हणजे बिनलवीची फळे लागतात. अशा फांदीवरून केलेली कलमे आणि मूळ जात ही तुलनेसाठी उत्तम जोडी. दोघींचे बाकी सगळे जनुकीय साहित्य जवळजवळ एकच असते.

भारतात काम करायचे असेल तर दोन टोके हाताशी आहेत. पंजाबच्या मैदानात कमी थंडीवर येणाऱ्या जाती लावतात. त्यांतली फ्लोरिडा विद्यापीठाची ‘फ्लोर्डाप्रिन्स’ हिवाळ्यातल्या सुमारे १५० तासांच्या थंडीवर फुलते आणि एप्रिलच्या अखेरीस पिकते. ‘शान-ए-पंजाब’ तिच्या मागोमाग मे महिन्यात येते. हिमाचलातल्या राजगढ पट्ट्यात आणि सोलनच्या आसपास ‘जुलै एल्बर्टा’ आहे. तिला थंडी कितीतरी जास्त लागते आणि ती नावाप्रमाणे जुलैत पिकते. पण एक जात लुधियानातून आणि दुसरी सोलनहून आणली तर जात, माती, तापमान आणि पाणी हे सगळे एकात एक मिसळते. ते वेगळे काढायची सोय सांख्यिकीत नाही. दोन्ही जाती एकाच बागेत, एकाच खुंटावर, एकाच वयाच्या हव्यात. तशा नसतील तर प्रश्नच बदला.

प्रयोगाचा आराखडा कागदावर मांडा. २ जाती, ४ टप्पे आणि प्रत्येकी ३ पुनरावृत्त्या म्हणजे २४ नमुने होतात. माझ्या मते सुरुवातीच्या वाढीसाठी चार टप्पे पुरेत: पूर्ण बहराच्या दिवशीचे अंडाशय, पेशीविभाजन जोरात असतानाचे फळ, एस-१ चा शेवट आणि कोय कठीण होत असतानाचा एस-२. पैसे कमी असतील तर टप्पे कमी करा, पुनरावृत्त्या नकोत. चार करता आल्या तर उत्तमच.

पुनरावृत्ती म्हणजे काय हेही इथेच ठरवा. एका झाडाची दहा फळे एकत्र दळली की ती एक पुनरावृत्ती झाली. त्याच भुकटीतून तीनदा आरएनए (चालू जनुकाची पेशीत बनणारी प्रत, हीच मोजायची असते) काढला तरी पुनरावृत्ती एकच राहते, फक्त तुमच्या हाताची सफाई तीनदा मोजली जाते. तीन पुनरावृत्त्यांसाठी तीन झाडे लागतात.

पायरी २: दिवस मोजू नका, ऊब मोजा

पूर्ण बहराची तारीख प्रत्येक झाडासाठी वेगळी नोंदवा. निम्म्याहून जास्त फुले उमलली तो दिवस धरा आणि हीच व्याख्या दोन्ही जातींना लावा. त्या दिवशी उमललेल्या फुलांच्या देठांना रंगीत दोरा बांधून ठेवा. पुढे फळे तोडायची ती फक्त दोऱ्याची. एकाच झाडावरच्या पहिल्या आणि शेवटच्या फुलात आठवड्याचे अंतर असू शकते. सुरुवातीच्या दिवसांत एका आठवड्याने जनुकांचे चित्र पुरते पालटते.

दिवसांपेक्षा उष्णता-तास हे जास्त प्रामाणिक माप आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधनातून हे स्पष्ट झाले आहे की बहरानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत बागेला किती ऊब मिळाली यावर पीचची तोडणी केव्हा येणार हे बऱ्याच अंशी ठरते. हिशेब सोपा आहे. बागेत, झाडाच्या सावलीत, दर तासाला तापमान नोंदवणारे छोटे यंत्र टांगा. दर तासाच्या तापमानातून ४.५ अंश वजा करा. उत्तर ऋण आले तर शून्य धरा. तापमान २५ अंशांच्या वर गेले तरी २५ च धरा, म्हणजे एका तासाला जास्तीत जास्त २०.५. मग बेरीज करत जा.

सरासरी १५ अंशांच्या बागेत दिवसाला १०.५ गुणिले २४ म्हणजे २५२ उष्णता-तास जमतात. २० अंशांच्या बागेत ३७२. दहा दिवसांत एक झाड २,५२० वर असते, दुसरे ३,७२० वर. दोन्हीकडचे फळ कागदावर ‘दहा दिवसांचे’ असते. एकाच बागेतल्या दोन जाती दोन आठवड्यांच्या अंतराने फुलल्या तरी हाच फरक पडतो, कारण उशिरा फुललेली जात गरम दिवसांत वाढते.

पायरी ३: टप्पा डोळ्यांनी आणि सुरीने पडताळा

उष्णता-तास हा अंदाज झाला. खात्री फळ कापूनच होते. प्रत्येक झाडावर काही फळे फक्त मापनासाठी राखून ठेवा आणि आठवड्यातून दोनदा व्हर्नियरने उंची, शिवणीवरचा व्यास आणि गालावरचा व्यास घ्या. वाढीचा वेग घसरू लागला की एस-१ संपत आला.

कोय कठीण होऊ लागली का, हे पाहायची बागायतदारांची पद्धत सर्वांत भरवशाची आहे: टोकाकडून, म्हणजे देठाच्या विरुद्ध बाजूने, धारदार सुरीने पातळ काप घ्या. सुरी कोयीच्या टोकाशी अडखळली तर कठीण होणे सुरू झाले. कॅलिफोर्नियात डबाबंद पीचची लागवड करणारे याच खुणेवरून आपली ‘संदर्भ तारीख’ ठरवतात. बहुतेक फळांत टोक अडखळले की त्यानंतरचा दहावा दिवस. प्रयोगासाठी तुम्हालाही एक उंबरठा ठरवावा लागेल. दहापैकी आठ फळांत सुरी अडखळली तर एस-२ लागला, असे धरा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

सुरीच्या आधीची अवस्था पाहायची असेल तर रंग वापरा. ताज्या फळाचा ब्लेडने काढलेला पातळ छेद फ्लोरोग्लुसिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवला की जिथे लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारा पदार्थ) साचले आहे तिथे दोन-तीन मिनिटांत गुलाबी-लाल रंग चढतो. आम्लाची वाफ झोंबते, तेव्हा हे काम हवा खेचणाऱ्या कपाटातच करा. रंगलेल्या प्रत्येक छेदाचा मोजपट्टीसह फोटो काढून ठेवा. परीक्षक ‘टप्पे सारखे होते कशावरून?’ असे विचारतात तेव्हा हे फोटो फार उपयोगी पडतात.

पायरी ४: तोडणी

वेळ एकच ठेवा. वनस्पतींची कित्येक जनुके दिवसरात्रीच्या चक्राने वरखाली होतात. एक जात सकाळी नऊला आणि दुसरी दुपारी दोनला तोडली तर तो फरकही जातींच्या नावावर जमा होतो. मी सकाळची उशिराची वेळ पसंत करतो, दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी. महत्त्व रोज तीच वेळ पाळण्याला आहे. आदल्या दोन दिवसांत पाऊस, गारपीट किंवा फवारणी झाली असेल तर तोडणी पुढे ढकला.

कोणते फळ तोडायचे याचा निर्णय बारकाईने घ्या. फळधारणेनंतर पीच आपली बरीच फळे स्वतःच गाळते. जे फळ आठवड्याभरात गळणार आहे त्यात गळतीची जनुके आधीच जागी झालेली असतात, पण बाहेरून ते फक्त थोडे लहान आणि फिके दिसते. म्हणून सरासरीपेक्षा ठळकपणे मागे पडलेली, पिवळसर देठाची, फुलाचा सुकलेला पेला अजून चिकटून बसलेली फळे घेऊ नका. फार मोठीही घेऊ नका. झाडाच्या चारी बाजूंनी, मध्यम उंचीवरून, मधल्या आकाराची घ्या. विरळणीचेही भान ठेवा. विरळणी केलेल्या झाडावर उरलेल्या फळांना अन्न जास्त मिळते. एका जातीची विरळणी झाली आहे आणि दुसरीची नाही, अशी तुलना करू नका.

बागमालकाकडून फवारणीची वही मागून घ्या. सुप्तावस्था मोडण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड मारले होते का, जिबरेलिक आम्ल दिले होते का, हे कळायला हवे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला ही दोन्ही नावे चांगली ठाऊक आहेत आणि त्यांचा परिणाम किती होतो हेही. वाढनियंत्रक दिलेल्या फळातून जिबरेलिनची जनुके मोजण्यात काही अर्थ नाही.

तोडल्यापासून गोठवण्यापर्यंतचा वेळ कमीत कमी हवा. द्रव नायट्रोजनचा डबा बागेतच न्या. सेंटिमीटरपेक्षा जाड फळ अख्खे टाकले तर आतला भाग सावकाश गोठतो, म्हणून आधी झपाट्याने फोडी करा. याच वेळी बी काढून टाका. ती अख्ख्या फळाबरोबर दळली गेली तर तिची जनुके गराची म्हणून मोजली जातात. फळाची वाढ चालवणारे संप्रेरकांचे मोठे केंद्र बीच असल्यामुळे हा गोंधळ लहान नसतो. तिचाही अभ्यास करायचा असेल तर वेगळ्या नळीत घ्या. अगदी सुरुवातीच्या फळात गर आणि भावी कवच यांची सीमा हाताने वेगळी करता येत नाही. तिथे दोन्ही एकत्र घ्या आणि तसे लिहा. एस-१ च्या शेवटापासून गर आणि कवच वेगळे ठेवा. बहराच्या दिवशीचे अंडाशय इतके चिमुकले असते की एका पुनरावृत्तीला ती कित्येक डझन लागतात. त्या दिवशी मदतीला माणसे ठेवा.

नळ्यांवरची खूण गोठल्यावर पुसली जाणार नाही अशा शाईने करा. बागेतून कोरड्या बर्फात आणा आणि उणे ८० अंशांवर ठेवा.

पायरी ५: आरएनए काढणे

कोवळे पीच चावून पाहिले तर तोंड आवळते. त्यात टॅनिन आणि इतर पॉलिफिनॉल भरपूर असतात आणि साध्या फिनॉल-आधारित द्रावणाने काढलेला आरएनए तपकिरी होऊन हातातून जातो. अशा उतींसाठी सीटॅब या साबणासारख्या रसायनाची पद्धत चांगली चालते. पाइन वृक्षांसाठी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली तिची आवृत्ती आजही फळझाडांच्या प्रयोगशाळांत वापरतात. द्रावणात सीटॅब २ टक्के, पीव्हीपी २ टक्के, मीठ २ मोलर, ट्रिस १०० मिलिमोलर, ईडीटीए २५ मिलिमोलर आणि थोडे स्पर्मिडिन. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल २ टक्के, पण ते आयत्या वेळी घाला. पीव्हीपी पॉलिफिनॉलना धरून ठेवते आणि मरकॅप्टोइथेनॉल त्यांचे ऑक्सिडेशन रोखते. हे दोन्ही कमी पडले की रंग चढतो.

द्रावण ६५ अंशांना गरम असू द्या. भुकटी वितळू न देता थेट त्यात टाका आणि लगेच जोरात हलवा. क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ ने दोनदा धुवा. वरचा थर स्वच्छ नसेल तर तिसऱ्यांदाही धुवा. मग १० मोलर लिथियम क्लोराइड पाव भाग घालून रात्रभर ४ अंशांवर ठेवा. आरएनए खाली बसतो, शर्करांची लांब साखळी बरीचशी वर राहते. मात्र लिथियमने लहान आरएनए नीट बसत नाहीत. सूक्ष्म-आरएनए पाहायचे असतील तर ही पायरी बदलावी लागेल. शेवटी डीएनेज देऊन डीएनए घालवा.

तपासणीत, नमुना त्या-त्या नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतो यावरून काढलेले २६०/२८० चे गुणोत्तर २ च्या आसपास आणि २६०/२३० किमान १.८ हवे. दुसरे गुणोत्तर कमी आले तर शर्करा किंवा फिनॉल उरले आहे आणि पुढची विकरे अडखळतील. आरएनएची अखंडता मोजणाऱ्या यंत्रावर दहापैकी ७ च्या खालचा नमुना मी पुढे पाठवत नाही.

आणखी एक गोष्ट. सोमवारी एका जातीचे आणि मंगळवारी दुसऱ्या जातीचे सगळे नमुने काढू नका. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा, म्हणजे दिवसाचा फरक जातीच्या फरकात मिसळणार नाही.

पायरी ६: मोजणी

पाच-दहा जनुकांचाच प्रश्न असेल तर आरटी-क्यूपीसीआर (निवडक जनुकांच्या प्रती फेरीफेरीने वाढवून मोजण्याची पद्धत) पुरेसे आहे. त्यात सगळे काही संदर्भ जनुकांवर, म्हणजे तुलनेसाठी स्थिर धरलेल्या जनुकांवर, अवलंबून असते. पीचसाठी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत टीईएफ२, यूबीक्यू१० आणि आरएनए पॉलिमरेज-२ ही जनुके स्थिर ठरली, तर सवयीने वापरले जाणारे १८एस नापास झाले. तरीही तुमच्या टप्प्यांवर ती स्थिर आहेत का हे स्वतः पाहा आणि किमान दोन एकत्र वापरा. प्रत्येक प्रायमरची (जनुक ओळखून प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या तुकड्याची) कार्यक्षमता दहापट विरळ करत नेलेल्या मालिकेवर तपासा. रेषेचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६ च्या दरम्यान हवा. उणे ३.३२ म्हणजे दर फेरीला अचूक दुप्पट.

सगळ्या जनुकांकडे पाहायचे असेल तर आरएनए-सीक्वेन्सिंग, म्हणजे नमुन्यातला सगळा आरएनए तुकड्यातुकड्यांनी वाचणे. दोन्ही टोकांनी डीएनएची १५० अक्षरे आणि नमुन्यामागे २ ते ३ कोटी रीड-जोड्या पीचला चांगल्या पुरतात. पैसे उरले तर खोली वाढवण्याऐवजी आणखी एका झाडाचा नमुना घाला.

रीड्स ज्याच्याशी ताडायचे तो पीचचा संदर्भ जनुकसंच ‘लोव्हेल’ या जातीचा आहे. त्यासाठी निवडलेल्या झाडात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकसारख्या होत्या, त्यामुळे तो जुळवणे सोपे गेले. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१७ मध्ये सुधारित आवृत्ती आली. गुणसूत्रांच्या ८ जोड्या, सुमारे २२.७ कोटी अक्षरे आणि सुमारे २७ हजार जनुके. गुलाब कुळाच्या जनुकसंचांच्या सार्वजनिक संग्रहातून तो फुकट उतरवता येतो. आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवा, कारण जुन्या लेखांतली जनुकांची नावे नव्या आवृत्तीत वेगळी आहेत.

पायरी ७: विश्लेषण

रीड्सचा दर्जा फास्टक्यूसी या आज्ञावलीने पाहा, फास्टपीने टोके छाटा, हायसॅट२ किंवा स्टारने जनुकसंचावर बसवा, फीचरकाउंट्सने मोजा, डीसेक२ मध्ये तुलना करा. पीचचा जनुकसंच लहान असल्यामुळे हायसॅट२ ला ८ जीबी स्मृतीचा लॅपटॉपही चालतो. एक अट मात्र हाताने बदला. इंट्रॉनची (जनुकातल्या, आरएनएतून गाळल्या जाणाऱ्या मधल्या तुकड्याची) कमाल लांबी मूळ मांडणीत ५ लाख अक्षरे असते. वनस्पतींसाठी ती फार मोठी आहे आणि शेजारची दोन जनुके चुकून जोडली जातात. ती काही हजारांवर आणा.

तुलनेचे सूत्र मांडताना जात, टप्पा आणि त्या दोघांची परस्परक्रिया असे तीन घटक ठेवा. खरा प्रश्न तिसऱ्या घटकात असतो: कोणत्या जनुकाचा चढउतार एका जातीत एका रीतीने आणि दुसरीत वेगळ्या रीतीने होतो? नुसता ‘जात’ हा घटक पाहिला तर सर्व टप्प्यांवर सारखेच वेगळे असणारे जनुक वर येते आणि त्याचा वाढीशी संबंध असेलच असे नाही. कार्यगटांची (एकाच प्रकारचे काम करणाऱ्या जनुकांच्या गटांची) छाननी करताना पार्श्वभूमी म्हणून सगळी २७ हजार जनुके घेऊ नका, तुमच्या नमुन्यांत प्रत्यक्ष दिसलेली तेवढीच घ्या. नाहीतर ‘फळाची जनुके फळात जास्त आहेत’ एवढेच सिद्ध होते.

पायरी ८: उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी

नवी जनुके शोधण्याआधी, ज्यांचे वागणे माहीत आहे ती पाहा. हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला.

पेशीविभाजनाची खूण म्हणून सायक्लिन-बी, सीडीके-बी आणि हिस्टोन एच४ घ्या. ती एस-१ च्या पूर्वार्धात वर आणि शेवटाकडे खाली हवीत. दोन जातींत ती एकाच वेळी खाली येत असतील तर तुमचे टप्पे जुळले. एकीत आधी उतरली तर तो जातींमधला खरा फरक असू शकतो किंवा तोडणीतली चूक, आणि निवाडा पायरी ३ मधले फोटो करतील.

कवचासाठी लिग्निन बनवणाऱ्या जनुकांची साखळी पाहा: पीएएल, ४सीएल, सीसीओएओएमटी, सीएडी आणि लॅकेज. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कर्नीसव्हिल येथील केंद्रातून २०१० मध्ये आलेल्या कामात दाखवले आहे की कोय कठीण होण्याआधी लिग्निनची जनुके कवचात एकजुटीने चढतात, आणि त्याच सुमारास फ्लेव्होनॉइडची साखळी फळाच्या इतर थरांत आपली जागा धरते. कवचाला आदेश देणाऱ्या जनुकांची रचना मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिसच्या शेंगा फुटण्याच्या यंत्रणेशी मिळतीजुळती निघाली. तुमच्या एस-२ च्या कवचात सीएडी वर नसेल तर आधी नळ्यांच्या खुणा तपासा.

उलटी तपासणीही करा. गर मऊ करणारे एंडोपीजी आणि पिकताना इथिलीन बनवणारे एसीएस१ ही जनुके कोवळ्या फळात जवळजवळ गप्प असायला हवीत. ती बोलत असतील तर पिकलेल्या फळाचा नमुना कुठेतरी मिसळला आहे.

जातीची ओळखही रीड्समधून पटते. नेक्टरीनमध्ये एमवायबी२५ या जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमध्ये (आरएनएत टिकणाऱ्या भागात) एक उडते जनुक, म्हणजे जागा बदलणारा डीएनएचा तुकडा, घुसलेले असते, असे इटालियन गटाने २०१४ मध्ये दाखवले. हे जनुक लव उगवण्यासाठी लागते. अंडाशयाच्या नमुन्यात त्याचे रीड्स तिथे तुटलेले दिसतात. चपट्या पीचमध्ये सहाव्या गुणसूत्रावर सुमारे १७ लाख अक्षरांचा तुकडा उलटा बसला आहे. त्यामुळे शेजारचे ओएफपी१ जास्त बोलते आणि उभ्या दिशेची वाढ खुंटते. हे सगळे फार लवकर घडते, म्हणून चपट्या जातीचा अभ्यास फळ दिसू लागल्यावर सुरू केला तर उशीर झालेला असतो.

साखरेच्या जनुकांबाबत सबुरी ठेवा. पीचच्या पानातून फळाकडे सुक्रोजबरोबर सॉर्बिटॉल येते आणि कोवळे फळ सॉर्बिटॉल डिहायड्रोजिनेजच्या साहाय्याने त्याचे फ्रुक्टोज करून वाढीसाठी जाळते. या वयात सुक्रोज फारसे साठत नाही. त्यामुळे एस-१ मधल्या साखरेच्या जनुकांवरून पिकलेल्या फळाच्या गोडीबद्दल विधान करणे धाडसाचे आहे, आणि असली विधाने छापून येतात.

बाग नसेल तर

महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यार्थ्यांची अडचण हीच असणार, कारण इथल्या हिवाळ्यात पीचला पुरेशी थंडी मिळत नाही. तरी कामाला लागता येते. एनसीबीआय या अमेरिकी सरकारी केंद्राच्या सार्वजनिक संग्रहात पीचच्या फळांचे बरेच आरएनए-सीक्वेन्सिंग फुकट उपलब्ध आहे आणि संगणक कमजोर असेल तर गॅलॅक्सीसारखे मोफत व्यासपीठ आहे. अडचण एवढीच की नोंदीत बहुधा फक्त ‘बहरानंतर इतके दिवस’ असे लिहिलेले असते. तिथे पायरी ८ उलटी वापरा. विभाजनाची आणि लिग्निनची जनुके पाहून नमुन्याचा खरा टप्पा ओळखा, आणि दिवसांऐवजी त्या टप्प्यावर वेगवेगळ्या अभ्यासांतले नमुने शेजारी ठेवा. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या आकड्यांची थेट वजाबाकी करू नका. प्रत्येक अभ्यासात आतल्या आत तुलना करा आणि मग दिशा जुळतात का ते पाहा.

तुमची स्वतःची माहिती संग्रहात टाकाल तेव्हा खुंट, झाडाचे वय, पूर्ण बहराची व्याख्या आणि तारीख, उष्णता-तास, फळाचे सरासरी व्यास, तोडणीची वेळ, कोणती ऊती आणि किती फळे मिळून एक नमुना, हे सगळे लिहा.

शेवटी हाती दोन-चार संशयित जनुके उरतील. सक्रियतेतला फरक हे कारण असू शकते किंवा निव्वळ परिणाम. पीचमध्ये जनुक बदलून पाहणे आजही फार अवघड आहे, कारण या झाडाच्या उतीपासून बदललेले रोप उभे करणे जिकिरीचे जाते. म्हणून बहुतेक जण टोमॅटो किंवा अरॅबिडोप्सिसमध्ये ते जनुक घालून पाहतात. आकाराच्या जनुकांना ते चालते, कारण टोमॅटोतही पेशींच्या संख्येवर फळाचा आकार ठरतो. कवचाच्या जनुकांना चालत नाही, कारण टोमॅटोला कोयच नाही. तिथे एकाच आईबापाच्या संकरित रोपांमध्ये जनुकाची कोणती प्रत आली आणि कोय केव्हा कठीण झाली याची जोडी लावावी लागते. त्यासाठी पैदासकाराशी ओळख काढावी लागते आणि झाडे फळावर येईपर्यंत दोन-तीन वर्षे थांबावे लागते. हा खर्च आणि ही मुदत प्रकल्पाच्या पहिल्याच अर्जात मांडून ठेवा.